काचपेटीतील प्रवाळ आणि परक्या यंत्रांचा पहारा

समुद्रातील प्रवाळ घरातल्या काचेच्या पेटीत जगविणे हा मत्स्यालयाच्या छंदातील सर्वांत अवघड प्रकार मानला जातो. गोड्या पाण्यातील अनेक मासे पाण्यातले लहानसहान बदल निमूटपणे सोसतात. प्रवाळाची सहनशक्ती त्या मानाने फार तोकडी असते. पाण्याचे तापमान, खारेपणा, प्रकाश आणि विरघळलेले क्षार या साऱ्यांत दिवसागणिक स्थिरता राखावी लागते आणि ही राखण माणसाला चोवीस तास करणे शक्य नसते. साहजिकच, अमेरिका आणि युरोपात १९८०च्या दशकापासून हा छंद पसरत गेला, तशी पेटीवर देखरेख ठेवणाऱ्या स्वयंचलित यंत्रणांची गरजही वाढत गेली. अमेरिकेतील ‘नेपच्यून सिस्टिम्स’ आणि जर्मनीतील ‘जीएचएल’ यांसारख्या कंपन्यांनी खास या कामासाठी नियंत्रक तयार केले.

या तयार नियंत्रकांच्या जोडीने एक दुसरी परंपराही वाढली. ती आहे हौशी मंडळींची. कारखान्यातील नियंत्रक, घरातील दिवे लावणारी उपकरणे, धुलाईयंत्राचा दाबस्विच, जुन्या संगणकाचे पंखे, रुग्णालयातील पंपाचे तत्त्व अशा मूळच्या परक्या वस्तूंना प्रवाळपेटीच्या सेवेला जुंपण्याची ही परंपरा होय. पंप ठरावीक वेळी चालू किंवा बंद करणे थोड्याफार अभ्यासाने कुणालाही जमते. यंत्र बिघडले तर पेटीतील जिवांचे काय होईल, याचे उत्तर आधीच ठरवून ठेवणे मात्र अवघड असते आणि या साऱ्या विद्येचे मर्म त्यातच आहे.

समुद्राचे स्थैर्य

प्रवाळ हा वनस्पतीसारखा दिसणारा, पण प्राणिसृष्टीतील जीव. त्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल वास करते. हे शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्याचा मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा अवघ्या एखाद्या अंशाने अधिक तापले आणि ती स्थिती काही आठवडे टिकली, तर प्रवाळ या शैवालाला बाहेर टाकू लागते आणि पांढरे पडते. जगभरच्या समुद्रांत आढळणारे हे ‘विरंजन’ घरच्या पेटीतही घडते. फरक इतकाच की, तेथे ते एखाद्या रात्रीत घडू शकते.

खुल्या समुद्राच्या पाण्यात दर हजार भागांत सुमारे ३५ भाग क्षार असतात आणि त्याचा सामू, म्हणजेच पीएच, ८.१च्या आसपास असतो. एक लिटर पाण्यात सुमारे ४१० ते ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सुमारे १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते. पाण्याची अल्कता जर्मन मापनपद्धतीनुसार ७ ते ८ अंश भरते. घरच्या पेटीत तापमान साधारणपणे २४ ते २७ अंश सेल्सिअस राखले जाते. समुद्राला हे आकडे टिकविण्यासाठी काही करावे लागत नाही, कारण त्याचे आकारमानच अफाट आहे. दोनशे लिटरच्या पेटीला ती सोय नसते. तेथे एक लिटर पाण्याची वाफ होणे हीदेखील दखल घेण्याजोगी घटना ठरते.

कारखान्यातून दिवाणखान्यात

परक्या यंत्रांचा हा प्रवास समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. स्कॉटलंडमधील ग्लेनरॉथेस येथील ‘पिको इलेक्ट्रॉनिक्स’ या कंपनीने १९७५ मध्ये ‘एक्स-१०’ ही पद्धत विकसित केली. घरात आधीच असलेल्या विजेच्या तारांतूनच १२० किलोहर्ट्झ वारंवारतेचे संदेश पाठवून दिवे आणि उपकरणे चालू-बंद करण्याची ही युक्ती होती. सोळा गृहसंकेत आणि सोळा उपकरणसंकेत मिळून २५६ पत्ते तिच्यात उपलब्ध होते. अमेरिकेतील हौशी मंडळींनी दिवाणखान्यातील दिव्यांसाठी असलेल्या या पद्धतीचा उपयोग पेटीवरील दिवे आणि पंप चालविण्यासाठी केला. तिच्यात एक गंभीर उणीव मात्र होती. साध्या ‘एक्स-१०’ उपकरणाला संदेश मिळाला की नाही, याची पोच परत येत नसे. दिवाणखान्यातला दिवा लागला नाही तर माणसाला लगेच दिसते. मध्यरात्री हीटर बंद झाला नाही तर ते कुणालाही दिसत नाही.

दुसरा स्रोत कारखान्यांचा. १९६९च्या सुमारास अमेरिकेतील मोटार उद्योगासाठी ‘मोडिकॉन ०८४’ हा प्रोग्रॅम करता येणारा नियंत्रक तयार झाला. रिलेंनी खचाखच भरलेली कपाटे हटवून त्यांचे काम एकाच यंत्राकडे सोपविणे हा त्याचा हेतू होता. पुढे ‘पीएलसी’ या नावाने ही यंत्रे सर्वत्र पसरली. सीमेन्स कंपनीने १९९६ मध्ये ‘लोगो’ हा त्यांचा छोटेखानी अवतार बाजारात आणला. कारखान्यांतील धूळ, कंप आणि विजेचे चढउतार सोसण्यासाठी बनविलेले हे नियंत्रक वर्षानुवर्षे न अडखळता चालतात. त्यामुळे, कामाच्या ठिकाणी पीएलसी हाताळणाऱ्या अभियंत्यांनी ते घरच्या पेटीखालच्या कपाटात बसविले, यात नवल नाही.

तिसरा आणि सर्वांत प्रभावी स्रोत शिक्षणक्षेत्रातला. इटलीतील इव्रेआ येथील संरचना संस्थेत २००५ मध्ये विद्यार्थ्यांसाठी ‘आर्डुइनो’ हे स्वस्त मायक्रोकंट्रोलर कार्ड तयार झाले. त्याचे आराखडे सर्वांना खुले ठेवण्यात आले. फेब्रुवारी २०१२ मध्ये ब्रिटनमधून ‘रास्पबेरी पाय’ हा हातात मावणारा संगणक आला. त्याच्या एका आवृत्तीची किंमत तेव्हा ३५ डॉलर होती. तोही मुळात मुलांना संगणकाची आज्ञावली लिहिण्याची गोडी लागावी म्हणून जन्माला आला होता. २०१४ मध्ये चीनमधील ‘एस्प्रेसिफ’ कंपनीची ‘ईएसपी८२६६’ ही चिप उपलब्ध झाली आणि बिनतारी जाळ्याशी जोडणी अगदी स्वस्त झाली. यांच्याच आधारे ‘रीफ एंजल’ आणि ‘रीफ-पाय’ यांसारखे खुले नियंत्रक उभे राहिले. पहिला आर्डुइनोच्या धर्तीवरचा, तर दुसरा रास्पबेरी पायवर चालणारा.

या दोन्ही घराण्यांचा स्वभाव वेगळा आहे. आर्डुइनो एका वेळी एकच आज्ञावली चालवितो, वीज येताच क्षणार्धात कामाला लागतो आणि सेन्सरकडून येणारा कमी-अधिक व्होल्टेज थेट मोजू शकतो. रास्पबेरी पाय हा पूर्ण संगणक असल्याने आलेख, नोंदी आणि दूरवरून देखरेख त्याला सहज जमते. पण व्होल्टेज मोजण्यासाठी त्याला वेगळी चिप जोडावी लागते. शिवाय, वीज अचानक गेल्यास त्याच्या मेमरी कार्डावरील माहिती बिघडण्याचा धोका असतो. म्हणून अनेक जाणकार दोघांत कामाची वाटणी करतात. जिवावर बेतणारे निर्णय साध्या यंत्राकडे आणि नोंदी ठेवण्याचे काम संगणकाकडे.

पातळीची राखण

पेटीतील पाण्याची सतत वाफ होत असते. उडून जाते ते शुद्ध पाणी. क्षार मागेच राहतात. दोनशे लिटरच्या पेटीतून रोज दोन लिटर पाणी उडाले आणि पाच दिवस भर घातली गेली नाही, तर खारेपणा ३५ वरून ३६.८ वर जातो. म्हणून उडालेल्या पाण्याइतकेच शुद्ध, क्षारविरहित पाणी आपोआप घालण्याची सोय करणे ही स्वयंचलनाची पहिली पायरी असते.

यासाठी लागणारा पातळीदर्शक अनेक ठिकाणांहून उसना घेता येतो. सर्वांत परिचित तो फ्लोट स्विच. पाण्यावर तरंगणाऱ्या तुकड्यात चुंबक असते आणि आतल्या बंद नळीतील पातळ पत्त्या त्याच्या ओढीने जोडल्या किंवा सोडल्या जातात. धुलाईयंत्रातील दाबस्विच हा त्याहून चतुर पर्याय. त्यात पाण्यात उभी सोडलेली एक पोकळ नळी असते. पातळी वाढली की नळीत अडकलेली हवा दाबली जाते आणि तो दाब वरच्या पडद्यावर पडून स्विच पडतो. विजेचा कोणताही भाग पाण्याला स्पर्श करीत नाही, हा त्याचा मोठा गुण. तिसरा प्रकार प्रकाशावर चालतो. त्याच्या टोकाला असलेल्या पारदर्शक शंकूला पाणी लागले की आतल्या किरणांचे परावर्तन थांबते आणि पातळी कळते. त्यात हलणारा भाग नसतो.

फ्लोट स्विचचा जुना शत्रू म्हणजे गोगलगाय. शैवाल खाण्यासाठी पेटीत सोडलेली गोगलगाय फ्लोटवर चढून बसते, तो खाली दबतो आणि ‘पाणी कमी आहे’ असा खोटा संदेश जातो. पंप चालूच राहतो. शेजारच्या भांड्यात वीस लिटर शुद्ध पाणी असेल आणि ते सगळे पेटीत ओतले गेले, तर खारेपणा ३१.८ पर्यंत घसरतो आणि जमिनीवर पाणी सांडते ते वेगळेच. यावर उपाय म्हणून फ्लोटभोवती जाळीचे किंवा प्लॅस्टिकचे आवरण घालतात, किंचित वरच्या पातळीवर दुसरा स्वतंत्र स्विच बसवितात आणि पंप एका वेळी ठरावीक मिनिटांपेक्षा जास्त चालणार नाही, अशी अट आज्ञावलीत घालतात. या सर्वांपेक्षा भरवशाचा उपाय अगदी साधा आहे. भांडेच लहान ठेवावे. पाच लिटरच्या भांड्यातून पाचच लिटर पाणी सांडू शकते आणि खारेपणा ३४च्या खाली जात नाही.

तापमान आणि एक फसवा आकडा

तापमान मोजण्यासाठी हौशी मंडळींचा आवडता सेन्सर म्हणजे ‘डीएस१८बी२०’. उणे १० ते ८५ अंशांच्या दरम्यान अर्ध्या अंशापर्यंत अचूकता देणारा हा सेन्सर जलरोधक पोलादी टोपणात बसविलेला मिळतो. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा ६४ बिटांचा ओळखक्रमांक असल्याने एकाच तारेवर अनेक सेन्सर जोडता येतात.

या सेन्सरची एक खोड मात्र ठाऊक असणे आवश्यक आहे. वीज मिळाल्यानंतर पहिले मोजमाप होण्यापूर्वी त्याच्या स्मृतीत ८५ अंश हा आकडा असतो. घाईने वाचल्यास नियंत्रकाला पेटी उकळते आहे असे वाटते. याउलट तार तुटली तर आर्डुइनोच्या प्रचलित आज्ञावलीतून उणे १२७ हा आकडा हाती येतो. ‘पंचवीसपेक्षा कमी असेल तर हीटर चालू कर’ एवढीच सूचना लिहिली असेल, तर तुटलेल्या तारेचा अर्थ यंत्र ‘भयंकर थंडी’ असा लावते आणि हीटर अखंड चालू ठेवते. म्हणून १५ ते ३५ अंशांच्या बाहेरचा कोणताही आकडा हा मोजमाप न मानता बिघाड मानावा आणि त्या क्षणी हीटर बंद करून धोक्याची घंटा वाजवावी, असा दंडक पाळला जातो.

हीटरचा बिघाड किती वेगाने जिवावर उठतो, हे साध्या गणिताने कळते. दोनशे लिटर समुद्रजलाचे तापमान एका अंशाने वाढविण्यास सुमारे ८२० किलोज्यूल ऊर्जा लागते. तीनशे वॉटचा हीटर तासाला १०८० किलोज्यूल ऊर्जा देतो. म्हणजे तो चालू स्थितीत अडकला, तर उष्णतेचा ऱ्हास सोडता तासाला सुमारे १.३ अंशाने पाणी तापेल आणि पाच तासांच्या आत २६ चे ३२ अंश होतील. तेथे शंभर वॉटचा हीटर असेल, तर हीच वाढ तासाला अर्ध्या अंशाहूनही कमी असते आणि पेटीच्या पृष्ठभागातून निसटणारी उष्णता तिला बरीचशी रोखते. एक मोठा हीटर बसविण्याऐवजी दोन लहान हीटर वापरण्याची प्रथा यातूनच पडली. शिवाय, हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट नियंत्रकापेक्षा एखादा अंश वर लावून ठेवला जातो. दोहोंपैकी एकाने दगा दिला तरी दुसरा वीज तोडतो.

उष्ण प्रदेशात प्रश्न उलटा असतो. तेथे पाणी थंड ठेवण्यासाठी जुन्या संगणकातील १२ व्होल्टचे पंखे पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालतात. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४३० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. दोनशे लिटरच्या पेटीच्या हिशेबात ती जवळजवळ तीन अंशांएवढी आहे. मात्र, हवाच दमट असेल तर वाफ होण्याचा वेग मंदावतो. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात जो पंखा पुरेसा ठरतो, तोच मुंबईच्या पावसाळ्यात अपुरा पडतो, तो याच कारणाने.

कृत्रिम दिवस-रात्र

प्रवाळपेटीवरील एलईडी दिवे प्रखर असतात आणि ते एकदम पेटणे व विझणे माशांना दचकवणारे असते. मायक्रोकंट्रोलर हे दिवे सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून त्यांची सरासरी प्रखरता बदलतो. आर्डुइनोमध्ये यासाठी शून्य ते २५५ अशा पायऱ्या असतात. त्यांच्या आधारे पहाट, मध्यान्ह, संध्याकाळ आणि फिकट निळे चांदणे यांचा क्रम रचता येतो. इमारतींतील दिव्यांसाठी बनविलेले शून्य ते दहा व्होल्टच्या संकेतावर चालणारे वीजपुरवठा संचही या कामी वापरले गेले. आर्डुइनोचा पाच व्होल्टचा संकेत दहा व्होल्टपर्यंत नेणारी छोटी मंडलरचना त्यासाठी मध्ये जोडावी लागते.

वेळ राखण्यासाठी ‘डीएस३२३१’ सारखी स्वतंत्र घड्याळ-चिप उपयोगी पडते. तिच्यात वर्षाकाठी साधारण एका मिनिटाचा फरक पडतो आणि छोट्या बॅटरीमुळे वीज गेली तरी वेळ हरवत नाही. घड्याळ नसलेला नियंत्रक वीज परत आल्यावर मध्यरात्रीच दिवस उगवला असे समजू शकतो.

मात्रांचा हिशेब

दगडी प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधते. त्यासाठी ते पाण्यातून कॅल्शियम आणि अल्कता ठरावीक प्रमाणात उचलते. दर लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम खर्ची पडले की अल्कता जर्मन मापाने सुमारे २.८ अंशांनी उतरते. ही झीज रोज भरून काढावी लागते.

त्यासाठी वापरला जाणारा पंप रुग्णालयातील डायलिसिस यंत्रामुळे अनेकांना पाहून माहीत असतो. फिरणारे रूळ लवचिक नळीला चिमटत पुढे सरकतात आणि आतला द्रव ढकलला जातो. द्रवाचा संबंध फक्त नळीशी येतो. छपाईयंत्रातील किंवा त्रिमिती मुद्रकातील पायरी-मोटर अशा पंपाला जोडली, तर मात्रा अतिशय काटेकोर होते. या मोटरची एक फेरी सामान्यतः २०० पायऱ्यांची असते. एका फेरीत अर्धा मिलिलिटर द्रव जात असेल, तर एका पायरीला ०.००२५ मिलिलिटर एवढा सूक्ष्म वाटा येतो. नळी कालांतराने सैल पडते आणि मात्रा घटते. म्हणून मोजपात्राने अधूनमधून पडताळणी करावी लागते.

अल्कता वाढविण्यासाठी खाण्याचा सोडादेखील चालतो. दोनशे लिटर पाण्याची अल्कता एका अंशाने वाढविण्यास सुमारे सहा ग्रॅम सोडा लागतो. आता समजा, एका लिटरच्या बाटलीत ६० ग्रॅम सोडा विरघळवून ठेवला आहे आणि रिले अडकल्याने ती सगळी बाटली एका रात्रीत रिती झाली, तर अल्कता दहा अंशांनी उसळेल. एवढा धक्का प्रवाळ सोसत नाही. बाटलीत आठवडाभरापुरतेच द्रावण ठेवले, तर हीच चूक पेटीला बहुधा झेपते. शाळेतील प्रयोगशाळेत परिचित असलेली चुन्याची निवळी वापरणाऱ्यांनी तर अधिकच जपावे लागते. संपृक्त निवळीचा सामू १२च्या वर असतो आणि तिचा पंप अडकला तर पेटीचा सामू झपाट्याने चढतो.

सामू मोजणारी काचेची सळई हे या साखळीतील सर्वांत नाजूक उपकरण. २५ अंश तापमानाला सामूच्या एका एककामागे तिच्यात सुमारे ५९ मिलिव्होल्टचा फरक पडतो. इतका क्षीण संकेत शेजारच्या पंपाच्या विजेनेही बिघडू शकतो. ज्ञात सामूच्या द्रावणांत तिची वेळोवेळी जुळणी करावी लागते. मुळात पेटीतील सामू रात्री उतरतो आणि दिवसा शैवालाच्या प्रकाशसंश्लेषणामुळे चढतो. हा उतारचढाव नैसर्गिक आहे. त्यामुळे, सामूच्या आकड्यावरून मात्रा आपोआप सोडण्याऐवजी तो आकडा केवळ इशाऱ्यासाठी वापरणे शहाणपणाचे ठरते.

बिघाडाचे नियोजन

हौशी संचांत वापरले जाणारे रिले कार्ड साधारणतः दहा अँपिअर क्षमतेचे असते. पंपासारखे मोटरचे उपकरण बंद होताना ठिणगी पडते आणि कालांतराने रिलेचे संपर्क एकमेकांना चिकटून बसतात. मग नियंत्रकाने ‘बंद’ म्हटले तरी वीज वाहतच राहते. म्हणून क्षमतेपेक्षा बराच कमी भार टाकणे आवश्यक असते.

प्रत्येक रिलेला दोन प्रकारची जोडणी असते. एक, नियंत्रक निष्क्रिय असताना मंडल जोडलेले ठेवणारी आणि दुसरी, ते तुटलेले ठेवणारी. येथेच खरा निर्णय घ्यावा लागतो. पाणी फिरविणारा मुख्य पंप पहिल्या प्रकारे जोडतात. नियंत्रक मेला तरी पाणी फिरत राहते आणि प्राणवायू मिळत राहतो. पाण्याची भर घालणारा पंप आणि मात्रापंप दुसऱ्या प्रकारे जोडतात. नियंत्रक मेला तर ते थांबतात. काही दिवस मात्रा मिळाली नाही तरी प्रवाळ तग धरते, काही तास प्राणवायू मिळाला नाही तर मासे दगावतात. उपकरणांची ही क्रमवारी एकदा मनाशी पक्की झाली की जोडणी कशी करावी, हे आपोआप ठरते.

नियंत्रक मरत नाही, पण गोठतो, असेही घडते. त्यासाठी आर्डुइनोच्या चिपमध्ये एक अंतर्गत पहारेकरी-घड्याळ असते. आज्ञावलीने जास्तीत जास्त आठ सेकंदांच्या आत त्याला खूण दिली नाही, तर ते नियंत्रकाला पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. या सोयीचा वापर ऐच्छिक असतो आणि अनेक नवखे तो करीतच नाहीत.

खारे पाणी आणि वीज यांची संगत माणसाच्याही जिवाला धोकादायक आहे. पेटीच्या वीजजोडणीवर ३० मिलिअँपिअरची गळती ओळखून वीज तोडणारे उपकरण, म्हणजे बोलीभाषेतील ईएलसीबी, असलेच पाहिजे. पेटीतून येणारी प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ घेऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये न शिरता झोळातून खाली ठिबकते. रिले आणि वीजपुरवठा पेटीच्या थेट खाली न ठेवता बाजूला, बंद खोक्यात ठेवावेत. कारण उडणाऱ्या तुषारांतून साठणारे मिठाचे थर आर्द्रता धरून ठेवतात आणि वीज वाहू देतात. २३० व्होल्टची जोडणी परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडूनच करून घेणे इष्ट. हौशी प्रयोगांचे क्षेत्र ५ आणि १२ व्होल्टपुरते असावे. ईएलसीबीने वीज तोडली म्हणजे सगळीच पेटी बंद पडते. म्हणून मुख्य पंप एका मंडलावर आणि हीटर दुसऱ्या मंडलावर ठेवतात.

आणखी एक धोका डोळ्यांना दिसत नाही. उसनी घेतलेली बहुतेक उपकरणे समुद्रासाठी बनविलेली नसतात. त्यांतील तांबे आणि पितळ खाऱ्या पाण्यात झिजते आणि विरघळलेले तांबे प्रवाळ, कोळंबी व गोगलगायी यांना अल्प प्रमाणातही विषारी असते. पाण्यात जाणारा भाग प्लॅस्टिक, काच, सिलिकॉन किंवा टायटॅनियमचाच असावा, हा नियम अपवादाविना पाळला जातो.

भारतीय वाचकासाठी

मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातील तपकीर गल्लीत वर उल्लेखिलेले बहुतेक सुटे भाग सहज मिळतात. अडसर आहे तो कायद्याचा आणि तो योग्यही आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन-पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला. २०२२च्या दुरुस्तीनंतरही प्रवाळाला हे सर्वोच्च संरक्षण कायम आहे. मालवणच्या किनाऱ्यालगत किंवा विजयदुर्गापासून दूर खोल समुद्रातील अँग्रिया बँकेवर असलेले प्रवाळ घरी आणणे हा गंभीर गुन्हा ठरतो.

तरीही ही विद्या येथे निरुपयोगी नाही. सागरी माशांची पेटी, गोड्या पाण्यातील वनस्पतींची पेटी, महाविद्यालयातील प्रयोगशाळेचे टाके किंवा कोळंबीची उबवणी या सर्वांना तापमान, पातळी आणि प्राणवायू यांची हीच राखण लागते. वीज वारंवार जाते अशा गावांत तर बिघाडाच्या नियोजनाला अधिकच महत्त्व येते. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप आणि १२ व्होल्टचा पाणी फिरविणारा पंप इन्व्हर्टरच्या आधाराने तासन्‌तास चालू शकतो.

नवख्याने क्रम कोणता ठेवावा, याविषयी जाणकारांत फारसे दुमत नाही. पहिल्या टप्प्यात यंत्राने केवळ मोजावे आणि नोंदी ठेवाव्यात. काही आठवड्यांत पेटीचा रोजचा स्वभाव कळतो. दुसऱ्या टप्प्यात त्याने इशारे द्यावेत. तिसऱ्या टप्प्यात त्याच्या हाती दिवे द्यावेत, कारण दिव्यांची चूक सहसा प्राणघातक नसते. पाण्याची भर, हीटर आणि मात्रा यांची सूत्रे शेवटी सोपवावीत. त्याआधी प्रत्येक सेन्सरची तार मुद्दाम काढून, प्रत्येक फ्लोट हाताने दाबून धरून आणि मुख्य वीज बंद करून यंत्र काय करते ते पाहावे. ही परीक्षा पेटीत केवळ खारे पाणी असताना, एकही जीव सोडण्यापूर्वी घेतलेली बरी.